भोंग्यावर लागणारी भूक

सोलापुरात आमच्या लहानपणी भूक लागायची ती गिरणीच्या भोंग्यावर. लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा निम्म्या गावाला ऐकू जायचा. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघून कुणी ताट वाढल्याचं आठवत नाही. वडील साच्यावर होते. त्यांची पहिली पाळी असली की पहाटे पाचलाच आईचा स्टोव्ह पेटलेला असायचा आणि भाकऱ्या थापल्याच्या आवाजानं आम्ही भावंडं जागी व्हायचो. सातच्या पाळीला वडील डबा घेऊन बाहेर पडायचे. डब्यात दोन भाकऱ्या, शेंगांची चटणी, एक कांदा आणि असलीच तर कोरडी भाजी. त्यानंतर तव्यावर पडायच्या त्या भाकऱ्या आमच्या. दहावीतला मोठा भाऊ, आठवीतला मी आणि पाठची बहीण, तिघंही गरम भाकरी कालच्या आमटीत कुस्करून खायचो आणि मग शाळेला निघायचो. न्याहारी केल्याशिवाय जाऊ नका, असं आम्हाला कधी कुणी बजावलं नाही. स्टोव्ह वडिलांच्या डब्यासाठी पेटलेला असायचा, त्यावरच आमचीही न्याहारी होऊन जायची.

पहिल्या पाळीच्या दिवसांत रात्रीचं जेवण दिवेलागणीला. वडील दुपारी सुटून आलेले असायचे, अंघोळ, थोडी झोप, चौकात चार माणसांशी बोलणं झालेलं असायचं. जमिनीवर सतरंजी पसरून सगळे एकदम बसायचो. वडिलांना ताटात काहीतरी कच्चं लागायचंच. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, एरवी मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला. आई तो बारीक चिरून त्यात दाण्याचं कूट, मीठ, तिखट घालायची, वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार. हा घोळाणा. चौदाव्या वर्षी मला मेथीचा घोळाणा कडू लागायचा. वडील मात्र भाकरीच्या तुकड्यात चिमूटभर नाही, चांगला घासभर घ्यायचे, बुक्कीनं फोडलेल्या कांद्याची पाकळी तोंडात टाकायचे आणि डोळे किंचित मिटून चावत राहायचे. पालेभाजीत लोह असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ‘खा’ असंही ते म्हणाले नाहीत. रोज समोर बसून माणूस एखादी गोष्ट इतक्या चवीनं खात असेल, तर पोरगं कधीतरी हात घालतंच. मी घातला. दोन हिवाळ्यांनंतर घोळाण्याच्या वाटीवरून आम्हा भावांत भांडणं व्हायला लागली होती.

पाळी बदलली की घर बदलायचं. दुसऱ्या पाळीत वडील मध्यरात्रीनंतर यायचे. आम्ही भावंडं आठला जेवायचो आणि त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. भाऊ दहावीचा अभ्यास करत जागा असायचा. वडील आले की आई स्टोव्हवर आमटी गरम करायची आणि भाऊ त्यांच्याबरोबर पुन्हा अर्धी भाकरी खायचा, वर कपभर गोड चहा. त्या दिवसांत सकाळी त्याला भूक नसायची, तो उपाशीच शाळेत जायचा आणि मधल्या सुट्टीत भज्यांच्या गाडीवर सापडायचा. तिसऱ्या पाळीत तर सगळंच उलटं. वडील दिवसा झोपलेले, घरात भांड्याचा आवाज करायचा नाही, फोडणीचा ठसका उठता कामा नये. म्हणून दुपारी फोडणीची भाजीच नसायची; दही, चटणी, कडक भाकरी असं बिनआवाजाचं जेवण आम्ही ओट्यावर बसून उरकायचो. वडील तेच, आई तीच, धान्याचा डबा तोच. मुलांचं खाणं मात्र पाळीप्रमाणे तीन तऱ्हांचं.

मुलं काय खातात ते आई ठरवते, असं आपण सहज म्हणून जातो. आमच्या आईचा दिवस भोंगा ठरवायचा. गल्लीत पलीकडच्या बाजूला तेलुगू पद्मशाली कुटुंबं होती, त्या घरांतल्या बायका विड्या वळायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. सूप मांडीवर घेतलं की उठायची सोय नाही, कारण उठलं की आकडा मागे पडतो. त्या घरांतल्या माझ्या वर्गातल्या मुली दुपारी पानं कापायला आईशेजारी बसायच्या आणि हाताला तंबाखूचा वास तसाच असताना चहात पाव बुडवून खायच्या. घरात तांदूळ होता, डाळ होती. ते शिजवायला हात मोकळे नव्हते. खाण्याच्या सवयी म्हणून आपण ज्याला नाव देतो, त्यातलं पुष्कळसं म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांच्या वेळेचा हिशेब असतो, हे मी त्या गल्लीत पाहिलं आणि आजही मला ते तसंच दिसतं.

वेळेखेरीज आणखी एक गोष्ट आई-वडिलांकडून ताटात यायची. त्यांनी सोसलेलं. १९७२चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यानं पुरता भोगला होता. रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी ज्वारी, जिला सगळे मिलो म्हणायचे, तिच्या भाकरीची आठवण निघाली की आई आजही तोंड वाकडं करते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर वाढलेल्या माणसांना ती भाकरी गिळवत नसे. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. मामाचं सगळं घर खडी फोडायला गेलं होतं. त्या वर्षानंतर आमच्या घरात ताटात काही टाकायचं नाही हा नियम झाला, आणि तो बोलून दाखवावा लागत नसे. वडील जेवण झालं की ताटात पाणी ओतून ते पिऊन टाकायचे. आम्हीही तेच करायचो. त्या काळी तो नियम योग्यच होता, कारण पातेल्यात होतं तेवढंच होतं आणि ते पाच जणांत वाटलेलं होतं.

हे सगळं आठवताना मन भरून येतं, पण त्या पंगतीत आई नव्हती, हे विसरता येत नाही. सगळ्यांचं झाल्यावर ती बसायची आणि घोळाण्याची वाटी तोवर रिकामी झालेली असायची. भाकरीचा पोपडा, तळाची आमटी, चटणी. बारावं सरल्यावर बहीणही तिच्याबरोबर मागून बसायला लागली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. आई बसते तशी ती बसली. वडिलांचं बघून आम्ही पालेभाजी शिकलो आणि आईचं बघून बहीण उरलेलं खायला शिकली. एकाच सतरंजीवर दोन्ही शिकवण्या झाल्या. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं नोंदलं गेलं. त्याला कारणं पुष्कळ आहेत. मला मात्र हा आकडा वाचला की आईमागे पाट सरकवून बसलेली बहीण दिसते. आणि चंची. वडिलांच्या चंचीतली तंबाखू भावानं अकरावीत पहिल्यांदा मळली. तो ती अजून सोडू शकलेला नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्या बायका कष्टकरी, अंगानं किरकोळ. बाळांची वजनं सरासरी २.७ किलोच्या आसपास. बाळाच्या वाढीचा संबंध आईच्या एकूण उष्मांकांशी फारसा लागला नाही. तो लागला हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूधदुभतं तिच्या खाण्यात किती वेळा आलं याच्याशी. याच कामातून हेही पुढे आलं की आपली बाळं दिसायला बारीक असतात, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानानं चरबी जास्त असते, आणि अशी मुलं पुढे आरामाच्या आयुष्यात वाढली तर मधुमेहाच्या वाटेवर लवकर येतात. म्हणजे आमच्या आईच्या वाटीत घोळाणा उरला होता की नाही, याचा हिशेब आमच्या हाडामांसात मांडलेला आहे आणि तो आमच्या मुलांपर्यंत पोचतो. चवीचंही असंच आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला यांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस पिणाऱ्या आयांची बाळं पाहिली. घन आहार सुरू झाल्यावर त्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज अधिक खुशीनं खाल्ली. आई काय खाते हे मूल जन्माआधीपासून ऐकत असतं म्हणायचं.

पहिला मोठा बदल मला नेमका आठवतो तो रविवार सकाळचा. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी साडेनवाला सगळी जमायची, आणि ज्या घरांत टीव्ही होता त्या घरांतली माणसं पोह्यांच्या बशा हातात घेऊन पडद्यासमोर बसायला लागली. तोवर ताटासमोर माणसं असायची. त्या सकाळपासून ताटासमोर पडदा आला. मोठ्यांनी तो आणला, भक्तिभावानं आणला, आणि पोरं त्यांच्या शेजारी बसली. त्याच सुमाराला दोन मिनिटांच्या शेवयांच्या जाहिराती दिसू लागल्या होत्या. आमच्याकडे ते पाकीट पहिल्यांदा आलं ते आई आजारी होती म्हणून. भावानं केलं, सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. घरातल्या बाईला थकायला आता परवानगी होती, आणि मला यात काही वाईट दिसत नाही.

नव्वदच्या दशकात गिरण्या एकेक करत बंद पडल्या. भोंगा गेला. ज्या घरांचं सगळं त्याच्यावर बांधलेलं होतं त्या घरांतली पुढची पिढी शिकून पुण्याला गेली. सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत विचारा, एक तरी पोरगं हिंजवडीला सापडेल. माझी बहीणही लग्नानंतर वाकडला आली. ती आणि तिचे यजमान दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगा पंधरा वर्षांचा. उंच, अबोल, डोक्यानं तल्लख. घर स्वच्छ, मोठ्या खिडक्यांचं. मी तिथे राहायला गेलो की स्वयंपाकघराकडे माझं लक्ष जातंच.

त्या फ्रिजमध्ये काय नाही! सफरचंदं, डाळिंबाचे सोललेले दाणे, तीन प्रकारचं दूध, धुऊन डब्यात भरलेली मेथी. कपाटात मखाने, ओट्स, नाचणीचं पीठ. आमच्या आईनं हे बघून दृष्ट काढली असती. आणि त्या घरातला मुलगा सकाळी सहा पन्नासच्या बसला काहीही न खाता जायचा. त्याचे वडील सोळा तास उपास आणि आठ तासांत खाणं या पद्धतीवर. सकाळी नुसती काळी कॉफी. आई ओट्याला टेकून, उभ्यानं, एका हातात फोन धरून दोन बिस्किटं. टेबलावर सकाळी कुणी बसतच नव्हतं, मग पोरगं एकटं कशाला बसेल? संध्याकाळी साडेपाचला तो क्लासआधी घरी यायचा तेव्हा त्याला खरी, वाघासारखी भूक लागलेली असायची. पाकीट फोडून शेवया, वर वेफर्स. साडेआठला क्लासमधून परत. तेव्हा आई एका खोलीत कॉलवर, वडील दुसऱ्या खोलीत कॉलवर. पोळी-भाजी करणाऱ्या मावशींनी केलेलं ओट्यावर झाकलेलं, गार. साडेनवाला वडिलांचा कॉल संपायच्या आत ते फोनवरून काहीतरी मागवायचे, कारण सोळा तासांचा उपास सोडून बरेच तास झालेले असायचे आणि त्यांनाही गार भाजी नको असायची. दहाच्या सुमाराला गेटवरून फोन यायचा. तिघं तीन खोक्यांतून, तीन खोल्यांत, तीन पडद्यांसमोर.

एका रात्री बहिणीनं मला फोनवरची मागवल्याची यादी दाखवली, मुलाची तक्रार करायला. “बघ दादा, किती बाहेरचं खातो हा.” यादी वरून खाली सरकत गेली. पनीर टिक्का रोल, बिर्याणी, बर्गर, पुन्हा बिर्याणी, चॉकलेटचा केक. वेळा वाचल्या मी त्यातल्या. रात्रीचे पावणेदहा, दहा दहा, साडेनऊ. सगळ्या यजमानांच्या कॉलच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या. त्यातली फार थोडी खाणी मुलानं मागवलेली होती. बहीण हुशार आहे. तिला मी काही सांगायची गरज पडली नाही, ती स्वतःच गप्प झाली.

तिचं घर कुठल्या भोंग्यावर चालतं ते मला नोव्हेंबरात कळलं. अमेरिकेत हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे घेतात. तिथे सकाळी नवाला भरणारी बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला असते, ती मग साडेसातला येते. तिकडे न्यूयॉर्कात काटे फिरले की इकडे वाकडमधल्या पोराचं जेवण तासभर पुढे सरकतं. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा निदान ऐकू तरी यायचा. पोरांना कळायचं की वडील का नाहीत, ताट का झाकलंय. हा भोंगा फक्त आई-वडिलांच्या कानातल्या यंत्रात वाजतो.

शिवाय पंधराव्या-सोळाव्या वर्षी शरीराचंच घड्याळ उशिराकडे झुकतं. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे लहान भावंडं पेंगतात तेव्हा या मुलांना तरतरी येते. हे आम्हालाही झालं असणार. पण आमच्या घरात साडेनवाला दिवा मालवला जायचा, कारण वडिलांना पहाटे उठायचं असायचं. अंधारात जागून करायचं काय? आता मूल जागं आहे आणि घरही जागं आहे. बाराला पाणी प्यायला उठलं तर वडील लॅपटॉपसमोर शेंगदाणे खात बसलेले दिसतात. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, दुसऱ्या दिवशी जीव गोडाकडे आणि तळकटाकडे धावतो. आपण त्याला पोराची जीभ चटावली म्हणतो.

देशभरातल्या मुलांच्या पोषणाचं जे सर्वंकष सर्वेक्षण २०१६ ते २०१८ मध्ये झालं, त्यात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांमध्ये दहातल्या एकाला मधुमेहाची पूर्वावस्था आढळली. यातली सगळी लठ्ठ नव्हती. सरकारं आपल्या परीनं हालचाल करतात. महाराष्ट्र शासनानं २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश काढला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, कुठल्या पेयात किती साखर हे मुलांना दिसावं म्हणून. फलक लागावेत, मला ते हवेच आहेत. जागतिक आरोग्य संघटना साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या खाली, जमलं तर पाच टक्क्यांच्याही खाली ठेवा म्हणते. पाच टक्के म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, आणि कोलाचा तीनशे मिलिलिटरचा एक कॅन त्याच्या पलीकडे जातो. पोरगं हे शाळेत वाचतं, घरी येतं आणि फ्रिजच्या दारात तो कॅन उभा असतो. तो कुणी आणला?

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डायान नॉयमार्क-स्टायनर यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हजारो किशोरवयीन मुलांच्या खाण्याचा पाठपुरावा केला. घरच्यांबरोबर जास्त वेळा जेवणारी मुलं फळं, भाज्या, दूध जास्त घेतात आणि गोड शीतपेयं कमी, हे त्यात दिसलं. याच अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१३ मध्ये त्यांच्या गटानं प्रसिद्ध केलं की ज्या घरांत आई-वडील मुलांशी वजनाबद्दल बोलतात, त्या घरांतली मुलं जेवण टाळणं, उपाशी राहणं असल्या गोष्टींकडे जास्त वळलेली दिसतात.

हे मी पुण्यात डोळ्यांनी पाहिलं. आमच्या सोसायटीतल्या एका घरात आई रोज सकाळी काट्यावर उभी राहते आणि आकडा मोठ्यानं बोलते. भात बंद, पोळी बंद, रात्री सूप. स्वभावानं अत्यंत प्रेमळ बाई. मुलीला ती सगळं आग्रहानं वाढते. सोळा वर्षांची ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा बायकोनं गरम भाकरी वाढली. पोरगीनं ती चतकोर केली, पुन्हा चतकोर केली, ताटाच्या कडेला लावून ठेवली आणि म्हणाली, “काकू, मी कार्ब्स घेत नाही.” तिला आईनं हे एकदाही सांगितलेलं नाही. आमच्या बहिणीला तरी मागून बसायला कुणी सांगितलं होतं? तेव्हा बायका घरासाठी अर्धपोटी राहायच्या, आता आरशासाठी राहतात, आणि मुली दोन्ही वेळा बघत असतात.

ताट चाटूनपुसून संपवण्याचा नियमही आमच्या पिढीनं जशाच्या तसा पुढे नेला. वाढलेलं संपव. भाजी संपव, मग आइस्क्रीम. लहान मुलांच्या खाण्याचा जन्मभर अभ्यास केलेल्या लीन बर्च यांनी दाखवून दिलं की बक्षिसाच्या लालचीनं खायला लावलेला पदार्थ मुलांना पुढे कमी आवडायला लागतो, आणि ताट संपवण्याच्या दडपणाखाली पोट भरल्याची आतली खूण कळेनाशी होते. मिलोच्या भाकरीपासून आलेला नियम बिर्याणीच्या मोठ्या खोक्याला लावला तर काय होणार? दुष्काळ सोसलेल्या माणसांची ती आठवण होती. आज ती पाळायची तर पुष्कळ करून, पुष्कळ मागवून नाही. ताटात आधीच बेतानं वाढून.

गेल्या वर्षी आई वाकडला राहायला गेली. गुडघे गेलेत, सोलापूरचे जिने चढवत नाहीत. तिनं तिथे एकच हट्ट धरला, की ती एकटी जेवणार नाही. पहिल्या रात्री साडेदहापर्यंत ताटावर बसून राहिली. ऐंशी पार केलेली बाई. दुसऱ्या दिवशी जावयांनी टीमला कळवलं आणि कॅलेंडरात आठ ते पावणेनऊ ही वेळ अडवून टाकली. बहिणीची बैठक हलत नव्हती, तिनं आठवड्यातले तीन दिवस मोकळे करून घेतले. क्लास बुडवायचा नव्हता, म्हणून भाचा साडेआठला येऊन शेवटची पंधरा मिनिटं सापडायचा.

सुरुवातीला तो फोन घेऊन बसायचा आणि त्याला कुणी काही म्हटलं नाही, कारण आजीनं सगळ्यांना तसं बजावलं होतं. “जेवताना पोरावर ओरडायचं नाही बघ. बसतोय की.” सोलापूरहून खासगी बसनं कडक भाकरीचा डबा यायचा, तो टेबलावर मध्ये ठेवलेला. पापडासारखी मोडणारी भाकरी, शेंगांची चटणी, दही. जावई स्वतः मराठवाड्यातले, त्यांना लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच जेवताना एवढा मोठा आवाज करायला मिळाला असेल. भाकरी मोडायचा तो आवाज पोराला आवडला. तो तुकडे नुसते खायला लागला, मग चटणीबरोबर, मग आमटीत.

चमत्कार झालेला नाही. शनिवारी रात्री तो मित्रांबरोबर बर्गर मागवतो आणि मागवावा, सोळाव्या वर्षी तेही करायचं असतं. दोडका त्याच्या गळी अजून उतरत नाही. पण एक गोष्ट कुणी न ठरवता झाली. रात्रीचं जेवण नवाच्या आत आटोपल्यामुळे जावयांना सकाळी सहाला भूक लागायला लागली. उपासाचं वेळापत्रक आपोआप मोडलं. आता ते ओट्याशी उभं न राहता टेबलावर बसून दोन धपाटी खातात आणि बस यायच्या आधी मुलगा समोर बसून तिसरं उचलतो. बहीण बसते का, हे मी फोनवर मुद्दाम विचारतो. “बसते रे दादा,” म्हणते, “आई उठू देत नाही.”

ऑक्टोबर संपत आलाय. पुढच्या आठवड्यात तिकडची घड्याळं मागे जातील आणि साडेसहाची बैठक साडेसातवर येईल, म्हणजे नेमकी जेवणावर. जावयांनी तिकडच्या साहेबाला आधीच लिहून टाकलंय, की नोव्हेंबर ते मार्च आठ ते पावणेनऊ ते हजर नसतील. बैठक आधी घ्या, नाहीतर मागून. उत्तर अजून आलेलं नाही.